डाएटमध्ये वजन एका रात्रीत किलोभर का चढतं : घरच्या काट्याच्या नोंदी

२९ डिसेंबर २०२४, रविवार

१ जानेवारीपासून मी आणि बायको, दोघांनी खाणं आवरायचं ठरवलंय. काय खायचं याचं पत्रक आहारतज्ज्ञ बाईंनी दिलंय, त्यावर इथं काही लिहिणार नाही. या नोंदी फक्त काट्याच्या. गेल्या वर्षीचं डाएट काट्यापायीच मोडलं होतं. चार दिवस आकडा उतरायचा, पाचव्या दिवशी किलोभर चढायचा. शेवटी ‘मग उपाशी राहून उपयोग काय’ म्हणत हिने पोह्यांवर मूठभर शेव घातली आणि विषय संपला. या वेळी आधी काट्याची परीक्षा, मग आमची.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात स्टोअरला आहे. सूत वजनावर येतं आणि सुतात ओलावा असतोच. कापसाच्या सुतात कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा धरायचा, हा व्यापारातला ठरलेला हिशेब. पावसाळ्यात पोतं जड भरतं, एप्रिलमध्ये तेच हलकं लागतं. त्यावरून सूत वाढलं किंवा घटलं असं कोणताच स्टोअरवाला लिहीत नाही. घरच्या काट्यावर मात्र आपण रोज सकाळी हेच करतो.

खर्च : नवी पेठेतून काचेचा डिजिटल काटा, ८५० रुपये. १०० ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतो. वही घरातलीच.

३० डिसेंबर

काटा मोरीबाहेर ठेवला आणि लागोपाठ तीनदा उभा राहिलो. ८४.१, ८५.२, ८३.७. दीड किलोचा फरक, तोही मिनिटाभरात. दुकानात परत द्यायला निघालोच होतो. पण माझं वजन मलाच नक्की माहीत नाही, मग काटा खोटा कशावरून? खात्रीचं वजन हवं होतं. ते स्वयंपाकघरात होतं. सीलबंद गॅस सिलिंडर.

सिलिंडरच्या वरच्या कड्याला ज्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. आमच्या टाकीवर १५.३. आत गॅस १४.२ किलो. म्हणजे २९.५ भरायला हवी. काट्याची काच लहान, म्हणून वर पाट ठेवला आणि पाटाचं वजन वजा केलं. मोरीबाहेर आकडे आले २८.६, २९.८, २९.१.

दोष फरशीत निघाला. भवानी पेठेतलं आमचं घर जुनं, खाली शहाबादी. फरशी घासून घासून मधे खोलगट झालीय आणि सांधे वर आलेत. काट्याच्या चारही पायांत एकेक सेन्सर असतो आणि चौघांवर मिळून भार पडावा लागतो. एक पाय सांध्यावर चढला किंवा अधांतरी राहिला की बेरीज चुकते. काटा बोटभर सरकवला तरी आकडा बदलत होता. मुलीच्या खोलीत तीन वर्षांपूर्वी गुळगुळीत टाइल बसवलीय. तिथं टाकी २९.४ भरली, पुन्हा २९.४, काटा फिरवून ठेवला तरी २९.४. शंभर ग्रॅम कमी दाखवतो. दाखवू दे. रोज तेवढंच कमी दाखवत असेल तर आपलं काही अडत नाही.

आता काटा तिथंच, खिडकीखालच्या टाइलवर. चारही कोपऱ्यांना खडूने खुणा केल्यात. पोरगी म्हणते, ‘बाबा, माझी खोली आहे, गोदाम नाही.’ सतरंजीवर, पायपुसण्यावर किंवा रबरी चटईवर काटा ठेवत असाल तर आधी तो तिथून काढा, बाकीचं नंतर वाचा.

३१ डिसेंबर

अजून एक भानगड सापडली. वजन केलं, ८४.३. उतरलो, अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन पुन्हा चढलो. ८४.३. पुन्हा तेच. बाटलीला वजनच नाही!

मग मधे वीस लिटरचा पाण्याचा जार ठेवून पाहिला, तो उतरवला आणि बाटली घेऊन परत चढलो. ८४.८. म्हणजे हा काटा मागचा आकडा लक्षात ठेवतो आणि नवं वजन त्याच्या जवळपास असलं की जुनाच आकडा पुन्हा दाखवतो. आकडा हलला की गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून केलेली ही सोय. सगळ्याच काट्यांत ती असते असं नाही, पण पुष्कळांत असते. त्यामुळे ‘तीनदा चढून पाहिलं, तिन्ही वेळा सारखंच आलं’ या खात्रीला काही अर्थ नाही. चार दिवस वजन हलत नाही आणि पाचव्या दिवशी एकदम सहाशे ग्रॅम खाली येतं, त्यातली काही गंमत काट्याच्या या आठवणीची असू शकते.

उपाय फुकट आहे. उभं राहण्याआधी काहीतरी अगदी वेगळ्या वजनाचं ठेवायचं. आमच्याकडे माझ्यानंतर ही चढते, त्यामुळे आठवण आपोआप पुसली जाते.

१ जानेवारी २०२५

मी ८४.२. ही ६८.६.

वेळ ठरली : सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, आंघोळीच्याही आधी, रात्रीच्याच सुती कपड्यांत. आंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून वजन करायचं नाही, यावर मी अडून बसलो. पंचाहत्तर बाय दीडशे सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टॉवेल कोरडाच पाचशे ग्रॅम भरतो. अंग पुसल्यावर त्यात किती पाणी मुरलंय हे कोण सांगणार? टॉवेलवाल्याच्या घरात तरी ही चूक नको.

५ जानेवारी

मी ८२.३. ही ६७.२. हिने सकाळीच माहेरी फोन लावला. ‘चार दिवसांत दीड किलो!’

मी वही काढली. रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खायच्या असं पत्रक आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. चार दिवसांच्या झाल्या २,०००, म्हणजे फार तर पाव किलो चरबी. माझे उरलेले दीड-पावणेदोन किलो गेले कुठं?

गेलं ते पाणी. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा ठेवतं, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. त्यातल्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-भाकरी-साखर कमी केली की पहिल्या दिवसांत हा साठा उपसला जातो आणि पाणीही सोबत निघून जातं. शिवाय खाणं कमी, म्हणजे आतड्यांत मालही कमी. डाएटच्या पहिल्या आठवड्याची जाहिरात सगळे करतात ती यामुळेच.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली, ती मी वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय. आठवड्याला ३,५०० कॅलरी म्हणजे साडेचारशे ग्रॅम चरबी. रोजची झाली ६५ ग्रॅम. काट्याची पायरी १०० ग्रॅमची. म्हणजे सगळं अगदी पत्रकाप्रमाणे केलं तरी रोजची खरी घट या काट्याला दिसूच शकत नाही. सकाळी जे वर-खाली दिसतं ते जवळजवळ सगळं दुसरंच काहीतरी असतं.

हे हिला सांगितलं. ‘आनंद करूच द्यायचा नाही का?’ मी वही मिटली.

११ जानेवारी

काल पुत्रदा एकादशी. आई धरते, म्हणून घरात सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी. काल सकाळी ८१.९ होतो, आज ८२.९. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते खरं, पण दुप्पट खाऊनही एका दिवसात किलोभर चरबी चढत नाही. साबुदाणा-बटाटा म्हणजे नुसता स्टार्च. जो साठा रिकामा झाला होता तो पुन्हा भरला आणि आपलं पाणी घेऊन परत आला. पहिल्या आठवड्यात फुकट उतरलेलं, ते फुकटच चढलं.

१५ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. यंदाची सगळ्यात मोठी परीक्षा, आणि अपेक्षेप्रमाणे आम्ही आडवे.

१३ तारखेला भोगी : तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी, भोगीची भाजी, खिचडी. १४ ला संक्रांत, दुपारी गुळाची पोळी. संध्याकाळी सहकुटुंब होम मैदानावर. पाळण्यात बसायचं, भांडी बघायची आणि मिरची भजी खायची, हे सोलापुरात चुकत नाही. भजीला वरून मीठ भुरभुरलेलं, सोबत तळलेल्या मिरच्या, त्यांनाही मीठ. घरी येऊन आईने ठेवलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तीही खारीच.

आज सकाळी मी ८३.६. १३ ला ८२.० होतो.

‘अहो, एक किलो सहाशे! दोन दिवसांत!’

एक किलो सहाशे ग्रॅम चरबी म्हणजे १२,३०० कॅलरी, त्याही रोजच्या गरजेच्या वर. मिरची भजीची प्लेट तीनशे कॅलरींची धरली तरी चाळीस प्लेटा लागतील. भूक चांगली आहे माझी, पण एवढी नाही.

वाढीत मुख्य हात मिठाचा. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. शरीरातला पेशींबाहेरचा द्रव साधारण तेवढाच खारट असतो आणि शरीर तो खारटपणा हलू देत नाही. जास्तीचं मीठ आत आलं की तहान लागते, आपण पाणी पितो आणि मूत्रपिंडं ते मीठ बाहेर काढेपर्यंत पाणीही अडकून राहतं. सहा ग्रॅम जास्तीचं मीठ, म्हणजे चहाचा चमचाभर, पाऊण लिटरच्या आसपास पाणी धरून ठेवू शकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. काल आमचं ते दुपारच्या जेवणातच संपलं असेल. उरलेल्या वाढीत साखरेचा साठा आणि पोटात अजून प्रवासात असलेलं अन्न.

१९ जानेवारी

पूर्ण आठवडा लिहून ठेवतो, सोमवारपासून : ८२.०, ८२.४, ८३.६, ८३.३, ८२.६, ८२.०, ८१.७.

गड्ड्यानंतर वेगळं काहीच केलं नाही, पत्रकावर परत आलो एवढंच. चार दिवसांत सगळं उतरलं. हिने मात्र १५ ला रात्रीचं जेवण सोडलं आणि पाणीही तोडलं. जेवण सोडल्याने दुसऱ्या दिवशी चार वाजता फरसाणाचा डबा उघडला गेला. पाणी तोडण्याचा तर उलटाच त्रास. मीठ लघवीतून जातं आणि लघवीला पाणी लागतं. तिचं वजन माझ्यापेक्षा दोन दिवस उशिरा उतरायला लागलं. ते पाण्यामुळेच, असं छातीठोक सांगत नाही. डोकं दुखलं ते मात्र नक्की.

आता सरासरी. सात दिवसांची बेरीज ५७७.६, भागिले सात, ८२.५. आधीच्या आठवड्याची ८२.३. म्हणजे सरासरीही वर गेली! सरासरी हा रामबाण उपाय असं सगळे सांगतात, पण सणाचा आठवडा तिलाही फसवतो. एका आठवड्याच्या सरासरीवर निकाल द्यायचा नाही, तीन आठवड्यांच्या तीन सरासऱ्या ओळीने बघायच्या.

२४ जानेवारी

भजी नाही, मीठ नाही, एकादशी नाही आणि तरी ८०० ग्रॅम वर. ८१.३ वरून ८२.१. दोन दिवस डोकं खाजवलं. मग संडासात बसताना उत्तर मिळालं, कारण बसताच येईना. सिद्धेश्वर तलावाकडे सकाळी फिरायला जायला लागलोय आणि २२ ला तिथं एका निवृत्त पैलवानांनी जोशात बैठका मारायला लावल्या. मांड्या धरल्या. न केलेला व्यायाम अंगावर आला की स्नायूंना बारीक इजा होते, ते सुजतात आणि दुरुस्तीसाठी पाणी धरतात. दुखणं गेलं की पाणीही जातं.

डाएट आणि व्यायाम एकाच दिवशी सुरू करणाऱ्यांचा घात इथंच होत असावा. उपाशीही राहायचं, अंगही दुखवून घ्यायचं आणि काटा वर.

२ फेब्रुवारी

ही नोंद हिला विचारून लिहितोय. आठवडाभर हिचं वजन चढतंय. ६६.६ वरून ६७.९. खाणं चोख, मीठ मोजून. काल हिने काटाच पलंगाखाली सरकवला. म्हणाली, ‘तुमचं सूत तुम्ही मोजा.’

कॅलेंडर बघितल्यावर उलगडलं. पाळी दोन दिवसांवर. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हार्मोन्समुळे पुष्कळ बायकांच्या अंगात पाणी धरतं. कोणाचं अर्धा किलो, कोणाचं दोन, कोणाला काहीच जाणवत नाही. हे काही माझ्या डोक्यातून आलं नाही, माझ्या मेहुणीने फोनवर सांगितलं आणि वर ऐकवलं, ‘भावजी, एवढी वही लिहिताय आणि हे लिहिलंच नाहीत?’

हिचा हिशेब त्यामुळे बदलला. आठवड्याच्या सरासरीत महिन्याचा हा चढ मावत नाही. कालनिर्णयवर हिने पाळीच्या पहिल्या दिवसाला लाल ठिपका दिलाय. ठिपक्यानंतरच्या पाचव्या दिवसाचं वजन मागच्या महिन्याच्या पाचव्या दिवसाशी लावायचं. मधले आकडे लिहायचे, पण वाचायचे नाहीत. नवरा-बायको एकत्र डाएट करत असाल तर एकाच तक्त्यात दोघांची चढाओढ लावू नका. बाप्याचं वजन सरळ रेषेच्या आसपास राहतं, बाईचं लाटेसारखं जातं, आणि रोज सकाळी एकजण विनाकारण हरतो.

१० फेब्रुवारी

काल मंगळवेढ्याकडे शेतावर हुरडा. शेंगाची चटणी, गूळ, दही. आज नऊशे ग्रॅम वर. कारण शोधण्यात वेळ घालवला नाही. (नंतर जोडलं : बुधवारी उतरलं.)

१८ फेब्रुवारी

मावशींकडे गेलो होतो. त्यांनाही काटा आणायला सांगितलाय, तो डाएटसाठी नाही. त्यांचं हृदय कमजोर आहे आणि डॉक्टरांनी रोज सकाळी वजन लिहायला लावलंय. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करा, अशी ताकीद.

हे इथं मुद्दाम लिहितोय. या वहीत मी पानोपानी ‘पाणी आहे, जाईल’ असं लिहीत आलोय. धडधाकट माणसाला ते लागू. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असेल, पायांवर सूज येत असेल, बोट दाबलं की खड्डा राहत असेल, आडवं झालं की दम लागत असेल, तर अचानक वाढलेलं वजन हेही पाणीच असतं, पण ते आपोआप जाणारं नसतं. तिथं भजीचा हिशेब मांडत बसू नये, डॉक्टर गाठावा.

२० मार्च

ऊन तापलं. आमच्या सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं, वाफ असतेच, त्यात हे. तिथला एक जॉबर (मुकादम) माझी वही बघून पेटलाय. पहाटे अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून पळतो म्हणे. आज स्टोअरच्या प्लॅटफॉर्म काट्यावर त्याने शिफ्ट सुरू होताना वजन केलं, शिफ्ट सुटताना केलं. एक किलो शंभर कमी. ‘बघा साहेब, तुम्ही तीन महिने वही लिहू लागलाव, मी आठ तासांत काम केलो.’

त्याला तिथंच थांबवून घेतलं. कॅन्टीनमधून ताकाचे दोन ग्लास, माठातलं तांब्याभर पाणी. पिऊन झाल्यावर पुन्हा चढवला. जवळजवळ सगळं परत आलेलं. घामाने गेलेलं पाणी तोंडाने आत येतंच, आणि नाही आलं तर माणूस चक्कर येऊन पडतो. सोलापूरच्या उन्हात रेनकोट घालून पळणं हे वजन कमी करणं नव्हे, दवाखान्याची वाट आहे. पटलंय की नाही माहीत नाही. रेनकोट घरी ठेवतो म्हणालाय.

२९ मार्च

काटा ‘लो’ दाखवून बंद पडला. त्याआधी तीन दिवस आकडे भरकटत होते, एकदा मी ७७ दाखवलो गेलो. कोणालाही सांगितलं नाही. नाण्याएवढा सीआर २०३२ सेल, ४० रुपये. बदलल्यावर पुन्हा पाट ठेवून सिलिंडर चढवला. टाकी नवी आलीय, हिच्यावर १५.८, म्हणजे ३० भरायला हवी. २९.९. ठीक.

या आठवड्याची सरासरी मी ७८.९. ही परवाच्या ठिपका-अधिक-पाचला ६५.२. आकड्यात माझे पाच किलो तीनशे गेले, पण पहिल्या चार दिवसांतले दीड किलो मी धरत नाही, ते पाणी होतं. उरले पावणेचार किलो. पत्रकाप्रमाणे बारा आठवड्यांत पाच किलो चारशे ग्रॅम निघायला हवे होते. दीड किलोहून जास्त तूट आहे. ती काट्याच्या, मिठाच्या किंवा फरशीच्या माथी मारता येत नाही. ती खाण्यातली आहे : गड्डा, हुरडा, मधली दोन लग्नं, आणि कारखान्यातला चहा, जो मी पत्रकात कधी धरलाच नाही. दिवसाला तीन कप, दोन चमचे साखरेचे. पहिल्यांदा तो बंद.

उद्या पाडवा. श्रीखंड घरीच, चक्का रात्री टांगलाय. सोमवार ते बुधवार काट्यावर चढायचं नाही असं दोघांचं ठरलंय. पुढची नोंद ३ एप्रिल, गुरुवार.